चुकलं की आक्काचा पेला वाजायचा

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आमच्या विहारातली मंडळी मला रविवारी उभं करून जाब विचारतील. मी असल्या गोष्टी मानत नाही. आधी मानत नव्हतो आणि आता मानायला लागलो, असली भानगड नाही... आजही मानत नाही. आमच्या हॉलमध्ये बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. लिंबू-मिरची आम्ही पोह्यांत घालतो, दाराला बांधत नाही. त्यात मी काशीगावच्या पुढे एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये. ऐकायला भारी वाटतं ना? प्रत्यक्षात गेली चोवीस वर्षं मी बाटल्यांवर लेबलं चिकटवतोय आणि रजिस्टरमध्ये सह्या करतोय. पण घरात मात्र माझा रुबाब सायंटिस्टचा. बायको कुकरची शिटी बिघडली की हाक मारते, "अहो सायंटिस्ट, बघा जरा!"

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी दोन वर्षं गुपचूप वाचतोय. बरेचदा मनात हसलो, दोनदा कमेंटमध्येही हसलो. ज्यांना हसलो त्यांची आधी माफी मागतो आणि सुरू करतो.

आम्ही भाईंदर पूर्वेला नवघरच्या बाजूला राहतो. पहिला मजला, वन बीएचके. घरात मी, बायको संगीता, मुलगी श्रावस्ती — आम्ही श्रावू म्हणतो — आणि माझी मोठी बहीण आक्का. आक्का माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आमची आई लवकर गेली, तेव्हा आक्कानेच मला परभणीकडच्या गावातून इथे आणलं. भावजी लवकर वारले, मूलबाळ नव्हतं. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत ती तीस वर्षं कामाला होती. माझं सगळं शिक्षण तिच्या हातावर झालं.

आक्का शाळेत कधी गेली नाही. सही करायला शिकली तीही चाळिशीत. मग माझा अभ्यास ती तपासणार कसा? तिने एक नियम केला होता : "मोठ्यानं वाच." ती भाकरी थापायची आणि मी चुलीशेजारी... चुलीशेजारी म्हणजे स्टोव्हशेजारी बसून ठणाणा करत वाचायचो. इतिहास मोठ्याने, भूगोल मोठ्याने, गणितसुद्धा मोठ्याने. "क्ष बरोबर सात, म्हणून य बरोबर तीन." शेजारचे वैतागायचे. आवाज थांबला की लाटणं ओट्यावर आपटायचं. मी मध्येच गाळून पुढे पळालो तरी आपटायचं. आवाजावरून तिला कळायचं की हा पोरगा फेकतोय. यात चमत्कार काही नाही, फेकणाऱ्याचा आवाज कुणालाही कळतो. माझा तर माझ्या साहेबांनाही कळतो.

हाच नियम श्रावूलाही लागू झाला. ती पहिलीत होती तेव्हापासून आक्का, म्हणजे तिची आत्या, कॉटवर बसायची आणि ही हॉलमध्ये येरझाऱ्या घालत मोठ्याने वाचायची. इंजिनीअरिंगला गेली तरी सवय सुटली नाही.

आणि मग मागच्या दिवाळीनंतर आक्काला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला हेच मोठं. समज किती राहिलीये, आत्ता सांगता येणार नाही." आम्ही हॉलमध्ये खिडकीशी लोखंडी कॉट टाकली. डावा हात चालायचा, म्हणून त्यात एक स्टीलचा पेला दिला. काही हवं असलं की तिने तो कॉटच्या दांड्यावर वाजवायचा. टण्ण्! की आम्ही धावायचो.

त्याच वेळी दुसरं संकट चालू होतं. श्रावूची मॅथ्सची केटी. इंजिनीअरिंगवाल्या घरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो : एक पेपर राहिला तरी पुढच्या वर्षात ढकलतात, पण तो कधीतरी सोडवावाच लागतो. श्रावूचा हा पेपर दोनदा राहिला होता. कॅल्क्युलस. त्यात अनंत श्रेणी, व्हेक्टर, सगळं. तिसऱ्यांदा राहिला तर तिसऱ्या वर्षाला ॲडमिशन नाही, वर्षभर घरी. आणि मला माहीत होतं, ही एकदा घरी बसली की परत जाणार नाही. तिने एका मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानातल्या नोकरीचा फॉर्म भरून पर्समध्ये ठेवलेला संगीताने पाहिला होता. आमच्या दोन्ही घराण्यांत इंजिनीअरिंगची पायरी चढलेली ही पहिलीच.

पहिला प्रकार घडला तो एका शनिवारी, दुपारी चार-साडेचारला. लख्ख ऊन, पंखा चालू, खाली भंगारवाला ओरडत होता. म्हणजे वातावरणनिर्मितीच्या नावाने शून्य. श्रावू वही घेऊन फिरत होती.

"एक अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश... असं पुढे. प्रत्येक टर्म लहान होत होत झिरोकडे जाते. म्हणून सिरीज कन्व्हर्ज होते."

टण्ण्!

श्रावू पाणी घेऊन गेली. आक्काने मान हलवली. नको. श्रावूने पुन्हा तीच ओळ वाचली. पुन्हा टण्ण्. संगीताने उशी सरकवली, पंखा कमी केला. तिसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा टण्ण्.

"आत्या, काय हवंय गं?" श्रावू रडकुंडीला आली. मग चिडून तिने पुस्तक उघडलं आणि बोटाने ती ओळ शोधली. "पप्पा... मी चुकीचं वाचत होते. ही डायव्हर्ज होते."

तिने मला समजावलं. प्रत्येक आकडा लहान होत जातो हे खरं, पण बेरीज कुठे थांबतच नाही, वाढतच जाते. तीनदा समजावलं. चौथ्यांदा मी समजल्यासारखा चेहरा केला.

"योगायोग," मी म्हणालो. सायंटिस्ट ना!

पण पुढच्या पंधरा दिवसांत हा योगायोग रोज दुपारी घडायला लागला. श्रावू बरोबर वाचत असली की आक्का खिडकीबाहेर बघत बसायची. चूक झाली की टण्ण्. व्हेक्टरचा क्रॉस प्रॉडक्ट, म्हणजे एक प्रकारचा गुणाकार, करताना मधल्या पदाला मायनस लावायचा असतो, ते श्रावू हमखास विसरायची — टण्ण्. इंटिग्रेशनची लिमिट उलटी घातली — टण्ण्. संगीता स्वयंपाकघरातून म्हणायची, "गेली का पुन्हा तुझी लिमिट?"

मी माझं स्पष्टीकरण तयार केलं. पोरगी जिथे डगमगते तिथे आवाज बदलतो, आणि आवाज ओळखण्यात आक्काचा जन्म गेलाय. आणि नुसता माझाच आवाज नाही. गाळ्यावर तिचं कामच ते होतं : तयार टोप बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. सगळे टोप सारखेच चकचकीत, पण कुठे बारीक चीर असली तर आवाज बद्द येतो. ती बघायचीसुद्धा नाही, ऐकून बाजूला काढायची. "बघ," मी संगीताला म्हणालो, "तिला गणित कळत नाहीये, श्रावूचा आवाज कळतोय. सिंपल!"

"मग सिद्ध करा की," संगीता म्हणाली. "कंपनीत काय करता ते?"

बोचलं. आमच्याकडे ब्लाइंड सॅम्पल असतं. बाटलीवर नुसता नंबर, आत काय ते तपासणाऱ्यालाही माहीत नसतं. मी तेच घरात करायचं ठरवलं. श्रावूने बारा चिठ्ठ्या लिहिल्या. सहा बरोबर, सहा चूक. सगळं देवनागरीत, जसं बोलतात तसं : "सिग्मा वन बाय एन स्क्वेअर, कन्व्हर्ज." घड्या घालून डब्यात ढवळल्या. आता वाचणार कोण? ज्याच्या आवाजाला काडीचाही अंदाज नाही असं माणूस हवं. समोरच्या पारुलबेन! साठीच्या, साड्यांना फॉल-बिडिंग करतात, गणिताशी संबंध मीटरपट्टीपुरता.

"भाईसाब, मैं ये क्या पढूंगी? मेरे को तो टेलिफोन बिल भी बहू पढ के सुनाती है!"

"वही तो चाहिए, पारुलबेन. सब हिंदी अक्षर में लिखा है."

मी आणि श्रावू जिन्यात जाऊन उभे राहिलो, म्हणजे आमचे चेहरे आक्काला दिसायला नकोत. संगीता कागदावर खुणा करायला बसली. आतून पारुलबेनचा आवाज येत होता, रेशनच्या यादीसारखा एका सुरात. मध्येमध्ये "हे भगवान, ये क्या लिखा है." आणि मध्येमध्ये टण्ण्. जिन्यात श्रावू माझा हात धरून उभी होती.

निकाल : आक्काने सात चिठ्ठ्यांवर पेला वाजवला. सहा त्याच — चुकीच्या. आणि एक बरोबर असलेली.

मला काय आनंद झाला सांगू! खरंच. मी टाळी वाजवली. "बघा! सातवी चुकली. म्हणजे अंदाज आहे, नशीब आहे, बाकी काही नाही!" माझं अख्खं आयुष्य परत जागेवर बसल्यासारखं वाटलं.

श्रावूने ती सातवी चिठ्ठी घेतली. दोन व्हेक्टरचा क्रॉस प्रॉडक्ट होता. खिशातून पेन काढून तळहातावर काहीतरी केलं. आणि जिन्याच्या पायरीवर बसली ती बसलीच.

"पप्पा, उत्तर पाच आय, प्लस पाच जे, मायनस पाच के आहे. मी चिठ्ठीत मायनस पाच जे लिहिलंय. उतरवताना चुकलं माझं."

"म्हणजे?"

"म्हणजे ही चिठ्ठीपण चूकच आहे. मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं."

मी चिठ्ठी हातात घेतली. आय, जे, के... माझ्या दृष्टीने तिघेही परके. पण चोवीस वर्षं ब्लाइंड सॅम्पल हाताळणाऱ्या माणसाला एवढं नक्की कळलं की आता आवाजाचं स्पष्टीकरण संपलं. लिहिणारीला माहीत नाही, वाचणारीला कळत नाही, खुणा करणारीला समजत नाही. मग आक्काला...?

पारुलबेननी जाताना आक्काला हात जोडले. दुसऱ्या दिवशी अगरबत्तीचा पुडा घेऊन आल्या आणि विचारायला लागल्या, भाचीसाठी सुरतचं स्थळ आलंय, ते कसं आहे ते जरा विचारू का? मी दारातूनच परत पाठवलं. "पारुलबेन, हे घर आहे, देवस्थान नाही." नंतर वाईट वाटलं, पण एकदा दार उघडलं असतं तर सोसायटीची रांग लागली असती.

तुम्हाला वाटेल इथे गोष्ट संपली. खरा प्रॉब्लेम इथेच सुरू झाला, आणि तो माझ्या लक्षात यायला महिना लागला.

श्रावू आता सुसाट सुटली होती. एक ओळ लिहायची, मोठ्याने वाचायची, कॉटकडे बघायची. पेला गप्प, की पुढची ओळ. गणितामागून गणितं बरोबर. घरात आनंदीआनंद. मी उत्तनहून आक्काच्या आवडीचे सुके बोंबील आणले, संगीताने पुरणपोळी केली. परीक्षेला दहा दिवस राहिले तेव्हा मी म्हटलं, एक पेपर खऱ्यासारखा सोडव. आतल्या खोलीत दार बंद करून, तीन तास, तोंडातून आवाज न काढता.

तीन तासांनी ती बाहेर आली. मॉडेल उत्तरं लावून मी आणि तिने तपासलं. ऐंशीपैकी अठरा. दोनदा राहिला होता तेव्हाही यापेक्षा जास्त होते.

"अगं, हे सगळं येतं की तुला!"

"येतं, पण लिहिलेलं बरोबर आहे की नाही तेच कळत नाही. प्रत्येक ओळीला थांबते. वाटतं, चुकलं असेल."

"परीक्षेच्या हॉलमध्ये आत्याला कुठे बसवणार आहेस? सुपरवायझरच्या शेजारी?"

"मग काय करू पप्पा?" ती ओरडली. "माझा माझ्यावर भरोसा नाहीये. आत्यावर आहे!"

मीही चिडलो. "उद्यापासून आक्काची कॉट आत. तिचा पेला जोपर्यंत वाजतोय तोपर्यंत ही पोरगी पास होत नाही!"

हे मी हॉलमध्ये, आक्कापासून चार फुटांवर उभं राहून म्हणालो. याची आज लाज वाटते. स्ट्रोकनंतर आम्हाला सवयच लागली होती, तिच्यासमोर तिच्याबद्दल असं बोलायची... जशी ती तिथे नाहीच. आणि हे कधी? तर ती कॅल्क्युलसच्या चुका काढत असताना! संगीताने डोळे मोठे केले. कॉट काही मी हलवली नाही, रागही ओसरला.

पण दुसऱ्या दिवशी पेला वाजला नाही.

श्रावूने ठळक चूक वाचली. शांत. मुद्दाम क्रॉस प्रॉडक्टचा मायनस गाळला. शांत. मी पुढे झालो आणि शाळेतल्यासारखा खणखणीत ओरडलो, "दोन अधिक दोन बरोबर पाच!" आक्काने माझ्याकडे पाहिलं. मी चाळीस वर्षांपूर्वी शाळा बुडवून आलो की जसं पाहायची, अगदी तसं. मग पेला खिडकीत ठेवला आणि हात गोधडीत घेतला.

आम्ही घाबरलो, दुसरा स्ट्रोक तर नाही? डॉक्टरांनी तपासलं. बीपी छान, सगळं जसंच्या तसं. संध्याकाळी तहान लागल्यावर तिने पेला उचलून वाजवलासुद्धा, पाण्यासाठी. फक्त गणितासाठी नाही.

दोन दिवस श्रावूने वहीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती कॉटपाशी जमिनीवर बसली. "आत्या, एकदाच सांग ना गं. एकच उदाहरण." आक्काने डाव्या हाताने तिचे केस मागे सारले. बाकी काही नाही. श्रावू गोधडीत तोंड खुपसून रडली. मॉलचा तो फॉर्म त्या दिवशी पर्समधून निघून टेबलावर आला होता. मी तो पाहिला आणि पाहिला नाही असं केलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी घरी लवकर आलो. दारातूनच आवाज आला, ती वाचत होती. पण सावकाश. एक ओळ वाचायची, थांबायची, परत तीच ओळ वाचायची, जसं दुसऱ्या कुणाची चूक ऐकतेय. "रेशो टेस्ट लावली... लिमिट एक आली... म्हणून कन्व्हर्ज... नाही. थांब. एक आली तर टेस्ट काहीच सांगत नाही." आणि हे म्हणताना तिने पेनाने टेबलावर टक केलं. तिचं तिलाही कळलं नसावं. मी चपला हातात घेऊन दारातच उभा राहिलो. आक्का खिडकीबाहेर बघत होती.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून सेंटरबाहेर चहाच्या टपरीपाशी उभा होतो. चार चहा झाले. ती बाहेर आली, चेहऱ्यावरून काही कळेना.

"कसा गेला?"

"दोन ठिकाणी वाटलं, काहीतरी चुकतंय. एक सापडलं."

"आणि दुसरं?"

"नाही सापडलं. पण सोडून पुढे गेले, पप्पा. बसून नाही राहिले."

ऐंशीपैकी एकेचाळीस पडले. टॉपर वगैरे अजिबात नाही. पण केटी सुटली. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे, आणि फॉर्मचं तिने काय केलं ते मी विचारलेलं नाही.

आता तुम्ही विचाराल, स्पष्टीकरण काय? मी खूप डोकं खाजवलंय. वर्षानुवर्षं मोठ्याने वाचलेलं ऐकून डोक्यात काही साठलं असेल? पण या धड्यांचं वाचन तिने स्ट्रोकच्या आधी फार तर वर्षभर ऐकलेलं, आणि तेही चुकांसकट. श्रावू तर दोनदा नापास झालेली! चिठ्ठ्यांचा प्रयोग मी मनात शंभर वेळा उलटासुलटा केला, भोक सापडत नाही. आणि ती थांबली का? संगीता म्हणते, "तुमचं बोलणं ऐकून मुद्दाम थांबल्या आक्का." असेल. पण मग सुरू कशी झाली, ते ती सांगत नाही.

गेल्या महिन्यापासून आक्काची वाचा थोडी थोडी परत येतेय. फिजिओवाली बाई रोज शब्द म्हणून घेते. चहा, पंखा, नको. माझं घरचं नाव बाळू, तेही एकदा म्हणाली. मागच्या शनिवारी घरात निवांत होतं, मी कॉटवर तिच्या पायाशी बसलो आणि धीर करून विचारलं, "आक्का, श्रावूचं गणित चुकलं हे तुला कसं कळायचं गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले. शब्द शोधताना कपाळावर आठ्या पडल्या.

"मला... काय... कळतंय... त्यातलं?"

चार शब्द! स्ट्रोकनंतरचं पहिलं अख्खं वाक्य! मी किंचाळलोच. संगीता कणकेच्या हातांनी धावत आली, श्रावूला कॉलेजात फोन लावला, पारुलबेनही आल्या, आणि आक्काकडून ते वाक्य आम्ही चारदा म्हणवून घेतलं. पाचव्यांदा तिने "नको" म्हटलं. या गडबडीत माझा प्रश्न राहिला बाजूलाच.

संध्याकाळी आठवलं. माझ्या शाळेत पालकसभा असली की आक्का हेच म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं?" आणि मग गाळ्यावरून अर्धा दिवस सुट्टी घेऊन, इस्त्रीचं लुगडं नेसून सगळ्यात पुढच्या बाकावर जाऊन बसायची. सर बोलत असताना एकदाही मान वळवायची नाही.

त्यामुळे तिचं हे उत्तर खरं धरायचं की नाही, ते मला ठरवता आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. मी हसणार नाही.